डोळे झाकलेली भाचरं

मला ओळखलं नाहीत, तरी मी रागावणार नाही. ज्यांच्यावर मी दिवसचे दिवस नजर लावून बसलो, त्यांनीही मला कधी ओळखलेलं नाही. मी निळा दिवा बोलतोय. दुकानाच्या पाटीवरचा किंवा रोषणाईतला नव्हे, नुकत्याच जन्मलेल्या बाळांची कावीळ उतरवणारा, इस्पितळातला दिवा.

कावीळ म्हटलं की तुम्ही घाबरता. तशी ती पुष्कळ बाळांना जन्मल्यावर होते. त्यांचं यकृत अजून नीट कामाला लागलेलं नसतं, नव्या नोकरीवर आलेल्या माणसासारखं जरा गोंधळलेलं असतं. मग रक्तातला पिवळा मळ साठत जातो आणि कातडीवर दिसू लागतो. माझा उजेड कातडीतून आत शिरतो आणि त्या मळाचं रूप असं बदलतो, की शरीराला तो बाहेर टाकता यावा. पुढचं काम बाळाचं बाळच करतं, लघवीतून आणि शीतून. मी फक्त गाठ सैल करून देतो. याहून जास्त श्रेय घेऊ नये, अंगाशी येतं.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. पत्र्याचा टोप, त्यात ओळीने बसवलेल्या निळ्या नळ्या, वर-खाली करता येणारा दांडा आणि खाली चाकं. मला पहिल्यांदा पेटवलं ते तपासणीच्या टेबलाशी बसणाऱ्या एका बाईंनी. "छान लागला," असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांवर हात धरला. जगात आल्या आल्या मी पाहिलं ते हे. पुढे आयुष्यभर माझ्यासमोर सगळ्यांनी तेच केलं.

मी आलो तो एका बेताच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावरच्या नवजात बाळांच्या खोलीत. तिथे मोठ्या सिस्टरचं राज्य होतं. बाईंची बोलण्याची टकळी अखंड चालू. त्या बाळांशी बोलायच्या, सलाइनच्या बाटलीशी बोलायच्या, खिडकीची कडी लागत नसली तर तिच्याशीही भांडायच्या. माझ्या उजेडाचा डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून बाळाच्या डोळ्यांवर आधी कापडी पट्टी बांधतात. पट्टी बांधता बांधता सिस्टर म्हणायच्या, "चला बाई, डोळे झाका. मामा आले!"

तेव्हापासून मी सगळ्यांचा निळा मामा झालो.

नातं तर चांगलं मिळालं. भाचरं किती झाली याची गणती नाही. पण असा मामा तुम्ही कुठे पाहिला आहे, ज्याच्या पुढ्यात येण्याआधी भाचरांचे डोळे बांधतात? ती उघडी-वाघडी माझ्याखाली झोपायची, मुठी वळायची, जांभया द्यायची, झोपेत ओठ मुडपायची. मला सगळ्यांच्या अंगावरचा तीळ न् तीळ पाठ. त्यांना मात्र मी म्हणजे काही ऊब, काही घरघर. बरी झाली की सिस्टर मला बंद करायच्या आणि मगच पट्टी सोडायच्या. नियमच तसा होता.

मी पेटलेला असेन तेव्हाच मला दिसतं. बंद केलं की नुसतं ऐकू येतं. त्यामुळे एक मोठी गंमत झाली आहे. सारा जन्म मी पिवळ्याशी झुंजलो आणि पिवळा रंग मी एकदाही पाहिलेला नाही. माझ्या उजेडात सगळंच निळं. बाळाचा खरा रंग बघायचा तर मला विझवावं लागतं. सिस्टर खटका दाबायच्या, खिडकीचा पडदा सारायच्या, बाळाच्या कपाळावर बोट दाबून उचलायच्या. मी अंधारात कान देऊन थांबायचो. "उतरलंय हं," असा आवाज आला की मला कळायचं, आपण काहीतरी केलं. दिव्याखाली अंधार असतो असं तुम्ही लोक म्हणता. माझ्या बाबतीत दिव्याच्या आतच होता.

आयांचं आणि माझं कधी जमलं नाही. त्यात त्यांचा दोष नाही. इतके महिने पोटात वाढवलेलं मूल आता कुठे कुशीत येतंय, तर हा पत्र्याचा खांब मध्ये उभा. "किती वेळ ठेवायचं अजून?" हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. बाळाला सोडायची वेळ आली की त्या डॉक्टरांचे आभार मानत, सिस्टरला मिठी मारत, पाळण्यालासुद्धा हात लावून जात. माझी तार गुंडाळून कुणीतरी मला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं. सवयीने माणूस कशालाही सरावतो म्हणतात, दिवा काही सरावत नाही.

असो. मुद्द्यावर येतो. माझ्या नळ्यांचं एक दुखणं आहे. त्या म्हाताऱ्या होतात, पण तसं दिसत नाही. बघणाऱ्याला उजेड होता तेवढाच दिसतो, आतला दम मात्र ओसरत जातो. म्हणून त्या वेळच्या वेळी बदलायच्या असतात. एकदा त्या बदलायची वेळ आली आणि नेमका जिथून नळ्या यायच्या तिथला माल अडकला. सिस्टरनी इस्पितळाच्या वायरमनला गाठलं.

वायरमन म्हणजे उत्साही प्राणी. नाही हा शब्द त्याला ठाऊक नव्हता. पंखा, पंप, लिफ्ट, कुणाचं घड्याळ, सगळ्यात त्याचा हात.

"आणतो की! त्यात काय एवढं?"

"अहो, पण ही वेगळी असते म्हणे," सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, निळी ती निळी. निळीत काय डावं-उजवं?"

तो पाट्या बनवणाऱ्याच्या दुकानात गेला आणि माझ्याच मापाच्या नळ्या घेऊन आला. काच निळी रंगवलेली, आतला उजेड साधा. मला पेटवलं आणि सगळी खोली अशी निळीशार झाली की शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टर बघायला आल्या. "मामा उजळले!" असं म्हणून मोठ्या सिस्टरनी टाळी वाजवली. वायरमन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. इतकं कौतुक माझ्या वाट्याला पूर्वी कधी आलं नव्हतं.

मला मात्र पहिल्याच बाळाच्या वेळी कळलं. उजेड पडत होता, लागत नव्हता. कातडीवर पोचायचा आणि तिथेच संपायचा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, अशी माझी गत झाली. आणि मी कुणाला सांगणार? दिव्याला पेटणं आणि विझणं एवढंच येतं. सुरुवातीची दोन-तीन बाळं साध्या काविळीची होती. ती आपली आपणच बरी झाली आणि श्रेय माझ्या नव्या निळाईला मिळालं.

मग मिरी आली.

मिरी जरा आधीच जन्मली होती. एवढीशी, म्हणून आईने नाव ठेवलं मिरी. आई एका शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. नवरा दूर कुठल्या बंदरावर बोटींच्या दुरुस्तीला गेलेला, त्याचा फोनवर आवाज यायचा तोही निम्मा वाऱ्यात उडालेला. सोबतीला बाईजवळ एक पिशवी होती, बस. इतर आयांच्या भोवती बहिणी, जावा, आत्या यांचा गराडा असायचा. ही खुर्चीवर एकटी, पाळण्याच्या जाळीवर हात ठेवून. सांगायला हरकत नाही, मला ती बरी वाटली. एकटं माणूस एकट्याला ओळखतं.

मिरी रडली की ती तिला उचलायची. दूध पाजून झालं तरी खाली ठेवायची नाही. "अगं मिरे, जायचंय तुला मामाकडे, हो ना? नको वाटतं ना? मलापण नको वाटतं," असं काहीबाही पुटपुटत राहायची. सिस्टर लटक्या रागाने म्हणायच्या, "बाई, ठेवा आता तिला. मामा वाट बघताहेत." तीही "हो, हो" म्हणायची आणि आणखी थोडा वेळ चोरायची.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर रक्ताचा आकडा घेऊन आले. माणूस वाईट नव्हता, पण थकलेला होता, आणि थकलेल्या माणसाला उत्तर लवकर हवं असतं.

"चढलाय आकडा. उतरायला हवा होता." त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. मिरी आईच्या मांडीवर होती. "तुम्ही तिला सारख्या घेऊन बसता का?"

आईने मिरीला हळूच सावरून धरलं.

"अहो, मांडीवर ठेवलंत तर उजेड लागणार कधी? हे असंच चढत गेलं तर मेंदूपर्यंत जातं. कानांवर जातं. पोरीला जन्मभर ऐकू येणार नाही. चालेल तुम्हाला?"

बाईचा चेहरा असा उतरला की मला तो माझ्या निळ्या उजेडातही दिसला. तिने मिरीला पाळण्यात ठेवलं, पट्टी नीट केली आणि ती खुर्चीवर जाऊन बसली. मग तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. ते आपोआप उठतील याची तिला भीती वाटत असावी.

त्यानंतर तिने मिरीला हात लावला नाही. दूध काढून वाटीत द्यायची, सिस्टर चमच्याने पाजायच्या. मिरी रडली की ही जागच्या जागी डोलायची. मूल पाळण्यात आणि आई रिकामी मांडी हलवतेय, असं दृश्य मला बघावं लागलं. शेवटी सिस्टरनी तिला सुईदोरा आणि जुनं मऊ कापड दिलं, "डोळ्यांच्या पट्ट्या शिवून द्या बाई, हाताला चाळा होईल." तिने झटपट पट्ट्या शिवल्या, कॉलरीसारख्या सुबक. शिवताना मान वर करून म्हणायची, "मिरे, मी इथेच आहे हं."

आणि मी वरून नुसता निळा पडत होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही अशी. चोर तिच्या डोक्यावर उभा होता, झगझगीत. तिने पोरीला खुशाल उराशी धरलं असतं, तरी तिळमात्र फरक पडला नसता. ती मात्र एका खोट्या उजेडासाठी आपलं मूल दूर ठेवून बसली होती. त्या दिवशी मला वाटलं, माझी एखादी नळी फुटावी, तार जळावी, काहीतरी होऊन मी बंद पडावं. पण नवा माल होता. धडधाकट चालला.

मिरीचं रडणं कमी झालं. "बघा, गुणी झाली की नाही," सिस्टर म्हणाल्या. आईने सुई थांबवली.

"सिस्टर, ही रडत का नाही?"

"झोप लागली असेल."

"दूधपण ओढत नाहीये ती सकाळपासून. मी बघतेय ना."

सिस्टरनी मिरीच्या तळव्यावर टिचकी मारली. मिरी जरा हलली, पुन्हा तशीच पडून राहिली. सिस्टरची टकळी थांबली. त्यांना गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

डॉक्टर धावत आले. रक्त गेलं, आकडा आला. आणखी चढला होता.

"पुन्हा घेऊन बसलात ना?" डॉक्टर आईला म्हणाले.

"डॉक्टर, तिने बोटसुद्धा लावलेलं नाही," सिस्टर मध्येच म्हणाल्या. "मी इथेच आहे. माझ्या देखत आहे सगळं."

मग डॉक्टरांनी हळूहळू मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांवर हात न धरता. पाहत राहिले. मग हात लांब करून त्यांनी खटका दाबला.

पुढचं मी ऐकलं तेवढं सांगतो. माझ्या टोपातून एक नळी फिरवून काढली. कुणीतरी ती खिडकीशी नेली.

"या कुणी बसवल्या?"

"आपल्या वायरमनने. का हो? निळ्याच आहेत की."

"सिस्टर, ही पाटीची नळी आहे. नुसता रंग आहे हा. हिचा काही उपयोग नाही."

मग सिस्टर बोलल्या, आणि त्या हसत नव्हत्या. "म्हणजे मामाने आम्हाला मामा बनवलं."

पुष्कळ घाव सोसलेत मी. ट्रॉलीची टक्कर, सांडलेलं औषध, कुणाकुणाच्या लाथा. हा सगळ्यात खोल गेला. कारण त्या माझ्याशी बोलायच्या.

तेवढ्यात आईचा आवाज आला, अगदी बारीक. "म्हणजे... मी तिला घेतलं असतं, तरी चाललं असतं?"

शेवटी डॉक्टरच म्हणाले, "चाललं असतं. माझं चुकलं, ताई. तुम्हाला उगाच बोललो मी."

ती भांडली नाही. पाळण्याची जाळी वाजली, कापड सळसळलं आणि मग तिचा आवाज आला, "ये गं मिरे. ये माझ्याकडे." त्यानंतर बराच वेळ ती तेवढंच म्हणत होती.

मिरीला मोठ्या इस्पितळात न्यायचं ठरलं, तिथे तिचं रक्त बदलणार होते. गाडीचा भोंगा खाली वाजला आणि लांब गेला. वायरमन आला. दारातच उभा राहिला असावा. "मला वाटलं, निळी म्हणजे निळी," एवढंच म्हणाला. त्याचा तो आवाज मला ओळखू आला नाही. त्याने सगळ्या नळ्या काढल्या आणि मी आंधळा झालो.

खऱ्या नळ्या आल्यावर सिस्टरनी पहिल्यांदा मला पेटवलं, तेव्हा त्या फोनवर बोलत होत्या. "वाचली ना? हो. हो का... मग कानांचं? बरं, मोठी झाल्यावरच कळेल." फोन ठेवून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मामा" म्हणाल्या नाहीत. पुढे उजेड मोजायचं एक लहानसं यंत्र त्या खोलीत आलं. दर बाळाआधी माझ्याखाली धरून मला तपासू लागले. बरोबरच होतं. पण आपल्याच माणसांनी आपली झडती घेतल्यावर कसं वाटतं, ते तुम्हाला सांगायला नको.

मी काम करत राहिलो. कितीतरी बाळांची कावीळ उतरवली, खरी उतरवली. पण प्रत्येक बाळाजवळ कुणी खुळखुळा वाजवला, की मला एकच प्रश्न पडायचा. तिला ऐकू येत असेल का? मिरीची आई परत आली नाही. कशाला येईल? आणि माझ्यापाशी येऊन कुणी सांगणार थोडंच होतं. बरी झालेली जातात, न झालेलीही जातात, बातमी कुणाचीच येत नाही.

मग माझ्या जागी चपटे, हलके, नवे दिवे आले. त्यांच्या नळ्या नसतात, ते गरम होत नाहीत, त्यांची घरघर नाही. मला ढकलत ढकलत व्हरांड्याच्या टोकाच्या अडगळीच्या खोलीत आणून ठेवलं. इथे माझ्या शेजारी हाडांच्या विभागातलं एक चुंबकाचं कडं पडलं आहे. मोडलेल्या हाताभोवती ते अडकवायचे, आत वीज फिरायची आणि म्हणे हाड लवकर जुळायचं. किती हाडं त्याने जुळवली आणि किती आपली आपण जुळली, यावर डॉक्टरांचं कधी एकमत झालं नाही. तरी त्याचे रोगी जागे असायचे, गप्पा मारायचे. "काही जाणवत नाही हो," असं का होईना, त्याच्याशी बोलायचे. त्याचा मला हेवा वाटतो. तेही आता गप्पच असतं.

इथे मला काही दिसत नाही. दार बंद, तार गुंडाळलेली. व्हरांड्यातली पावलं तेवढी ऐकू येतात. पुढ्यात काही नसलं की कान तीक्ष्ण होतात, मी सिस्टरच्या चपलांचा आवाजही ओळखतो. त्या आता सावकाश चालतात.

परवा सकाळी त्या चपला दाराबाहेरच थांबल्या, कारण समोरून कुणीतरी आलं होतं.

"सिस्टर, ओळखलंत?"

"नाही गं बाई. किती जणी येतात..."

"मैत्रीण बाळंत झालीय कारखान्यातली, तिला बघायला आले होते. म्हटलं, तुम्ही आहात का बघावं. मी मिरीची आई."

मी, वीज नसताना, श्वास रोखून धरला.

"कशी आहे?" सिस्टरनी विचारलं.

"ही काय, आत्ता इथे होती. मिरे!"

लांब, जिन्याच्या बाजूला, कुणीतरी धावत होतं. पावलं थांबली नाहीत.

"मिरे! अगं मिरे!"

काही नाही. तीच धावाधाव. कुणीतरी पत्र्याच्या बाकावर चढलं आणि धप्पकन उतरलं.

"मिरे!"

इतक्या वर्षांत मी ज्या गोष्टीला भ्यालो होतो, ती दाराबाहेर उभी होती. तीन हाका गेल्या होत्या, एकीलाही उत्तर नव्हतं. सिस्टरचा आवाज अगदी खाली गेला.

"बाई... तिला ऐकू येतं ना गं?"

"ऐकू?" मिरीची आई म्हणाली. "ऐकू सगळं येतं हो! ऐकत मात्र कुणाचं नाही!"

आणि व्हरांड्याच्या त्या टोकाकडून खणखणीत आवाज आला, "येत नाही, जा!"

सिस्टर हसायला लागल्या. हसता हसता त्यांचा आवाज फाटला, नाक ओढल्याचं ऐकू आलं, मग पुन्हा हसल्या. मिरीची आईही हसत होती. "वैताग आहे नुसता," ती म्हणाली, "दिवसभर घसा फोडायचा, तेव्हा कुठे एकदा 'काय' म्हणते." मग दोघी बोलत बोलत जिन्याकडे गेल्या. त्यांच्या पुढे धावणारी पावलंही गेली. दुपारपर्यंत व्हरांडा रिकामा झाला.

मला हे कुणाला तरी सांगायचं होतं. शेजारच्या कड्याला सांगून काय होणार? म्हणून तुम्हाला सांगितलं. भंगारवाला लवकरच येणार आहे असं कानावर आलंय. पत्र्याचं पातेलं होईन नाहीतर खिळे. त्याचं मला दुःख नाही. एवढं एक मागतो. तुमच्या घरात कुणी हाक मारून मारून येत नसेल, तर लगेच चिडू नका. आधी मनात खात्री करा, ऐकू येत असूनही येत नाहीये ना? मग तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच. मारत राहा हाका, घसा बसेपर्यंत मारा.

मला आता कुणी हाक मारत नाही. मारली असती, तर मी पहिल्याच हाकेला ओ दिली असती.